न सांडणारं पाणी

मावशींनी फुलदाणी बेसिनवर उपडी धरली, आणि पाणी पडलं नाही.

त्यांनी ती जरा हलवली. बुडाला दोन चापट्या मारल्या. फुलं खाली डोकं करून लोंबत होती, देठ दिसत होते, देठांभोवतीचं नितळ पाणीही दिसत होतं; पण थेंब म्हणून खाली येत नव्हता. मावशींच्या अंगावर काटा आला. एकवीस वर्षं त्या या वृद्धनिवासात फरशा पुसत होत्या आणि एक दिवसाआड अठरा फुलदाण्यांचं पाणी बदलत होत्या. उपडं केलेलं पाणी सांडायला नकार देतं, हे त्यांनी या जन्मी पाहिलं नव्हतं. त्यांनी भीत भीत आत बोट घातलं. बोट टणक, गुळगुळीत अशा कशावर तरी टेकलं.

"अगं बाई! हे काय भलतंच?"

"फसलात ना?" दारात व्यवस्थापक उभे होते. सगळे त्यांना साहेब म्हणत, आणि साहेबांना ते आवडे. "कृत्रिम पाणी आहे ते, मावशी. दोन बाटल्यांतलं रसायन एकत्र करून ओतायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. घट्ट बसतं. फुलं कापडाची. आता पाणी बदलायला नको, वास नको, डास नकोत. तुमचंच काम हलकं केलं बघा."

मावशींनी फुलदाणी सरळ केली. काम हलकं झालं म्हणून माणसाने खूश व्हावं, हे त्यांनाही कळत होतं. पण आपण बेसिनपाशी खुळ्यासारख्या थापट्या मारत राहिलो आणि हा गृहस्थ मागून मजा बघत होता, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

"खोटंच करायचं तर मग इतकं खऱ्यासारखं कशाला?" त्यांनी विचारलं.

"पाणी दिसलं की फुलं ताजी वाटतात. भेटायला येणाऱ्यांवर छाप पडते."

म्हणजे जे इथे राहतात त्यांच्यासाठी नव्हे, तासाभरात निघून जातात त्यांच्यासाठी, असा अर्थ मावशींनी लावला, आणि तो बरोबरच होता. त्या मुकाट्याने फडकं घेऊन व्हरांड्यात गेल्या. साहेबांनी बोलावलेल्या सजावटवाल्याने फुलदाण्या लांब टेबलावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. पुसता पुसता शेवटच्या फुलदाणीपाशी त्यांचा हात थांबला. ही एकोणिसावी होती. ही संस्थेची नव्हतीच. ही दहा नंबरच्या आजींची होती.

वृद्धनिवासात येताना कपड्यांखेरीज घरातली एकच वस्तू आणता येते, असा इथला नियम होता. चार नंबरच्या आजोबांनी आरामखुर्ची आणली होती, सात नंबरच्या काकूंनी रेडिओ. दहा नंबरच्या आजींनी फुलदाणी आणली. जाड काचेची, खाली निमुळती आणि वर रुंद होत गेलेली, नक्षी वगैरे काही नाही. फूल असो वा नसो, तिच्यातलं पाणी त्या रोज सकाळी स्वतः बदलत. भरून झालं की फुलदाणी डोळ्यांसमोर आणत, एक डोळा मिटून पाण्याची पातळी बघत, आणि जास्त वाटलं तर चमच्याने थोडं काढून टाकत. आया हसायच्या. "आजी, फुलाला औषध मोजून देताय का?" म्हणायच्या. आजी ओठांच्या एका कोपऱ्यात हसत. दुसरा कोपरा अर्धांगवायूच्या दुखण्यानंतर हलत नव्हता.

त्या दुखण्याने आजींचं बोलणंही सावकाश करून टाकलं होतं. शब्द यायचा, पण वाटेत दोनदा टेकून यायचा. समोरच्याला तेवढा धीर नसे. तो आजींचं वाक्य आपणच पुरं करी, 'हो हो' म्हणे आणि चालता होई. मग आजींनीही बोलणं कमी केलं होतं.

मावशी फुलदाणी घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"ही दहा नंबरच्या आजींची आहे."

"हो का? असेल. त्या माणसाने खोल्याखोल्यांतून गोळा केल्या. त्यांच्या खोलीत परत ठेवा की. फुलं फुकट मिळाली त्यांना."

"त्या आंघोळीला गेल्या असतील तेव्हा उचलली. विचारलं नाही, सवरलं नाही. घरून आणलेली एकच वस्तू, तीही कुणी अशी बुजवून टाकतं का? काढून द्या हे."

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि सजावटवाल्याला फोन लावला. फोन टेबलावर ठेवला, म्हणजे मावशींनाही ऐकू यावं.

"आधी सांगायचं ना," सजावटवाला म्हणाला. "ओतण्याआधी आतून तेलाचा हात फिरवला असता तर पुढे कधीतरी निघालं असतं. आता बसलं ते बसलं. ठोकाठोकी केली तर काच तडकेल. नवीन घेऊन टाका."

"ऐकलंत?" साहेब म्हणाले.

मावशींनी ऐकलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तडकेल म्हटल्यावर हात आखडता घेणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फुलदाणीच्या कडेने पातळ सुरी घालून पाहिली. पाणी म्हणवणारी ती वस्तू काचेला अशी चिकटून बसली होती की सुरीचं टोक दोन बोटंसुद्धा खाली जाईना. जोर लावला तशी सुरी सटकली आणि अंगठ्यात घुसली. मावशींनी अंगठा तोंडात धरला, दुसऱ्या हाताने फुलदाणी उचलली आणि दहा नंबरमध्ये गेल्या.

"आजी, हे बघा काय करून ठेवलंय मेल्यांनी," त्या म्हणाल्या. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडू फुटलं की त्या जास्तच मोठ्याने बोलत. "निघत नाही म्हणे. कधीच निघणार नाही म्हणे. मी सुरी घालून बघितली."

आजींनी फुलदाणी मांडीवर घेतली. खिडकीकडे धरली. एक डोळा मिटून पाहिली. मग तर्जनीचं नख काचेच्या आतल्या कडेवरून हळूहळू फिरवत नेलं, पुरता एक वळसा घातला, आणि मावशींच्या अंगठ्याकडे बघून मान हलवली.

"सुरी... नको," त्या म्हणाल्या. "काचेला... जोर..."

"जोर लागला जास्त, हो. चुकलंच माझं," मावशी म्हणाल्या. "असू दे, आजी. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

आजींचं तोंड अजून उघडंच होतं. मावशी मात्र अंगठ्याला पट्टी लावायला निघूनही गेल्या होत्या.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सिस्टरांच्या नोंदवहीत दहा नंबरचं पान भरू लागलं. सिस्टर वाईट नव्हत्या. दिसेल ते लिहायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांना जेवढं दिसे तेवढं त्या अगदी सुवाच्य अक्षरात लिहीत.

पहिली नोंद अशी की दहा नंबर दुपारचा चहा घेत नाहीत. साडेतीनला प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा थर्मास आणि चहाची पुडी जाई. आजींची पुडी तशीच राही, थर्मास मात्र रिकामा परत येई. दुसरी नोंद, साबणाचे तुकडे लपवतात. बेसिनवर उरलेल्या वड्यांच्या चपट्या कपच्या आजींच्या खिशात सापडल्या होत्या, एकदा नव्हे, चार वेळा. तिसरी सगळ्यात मोठी, आणि तिच्याखाली लाल रेघ होती. कापडाच्या फुलांना पाणी घालतात. फुलदाणी भरून वाहू लागेपर्यंत घालतात. टेबल भिजतं, फरशी भिजते. काय करता, असं विचारल्यावर 'पाणी काढतेय' असं उत्तर देतात.

या 'पाणी काढतेय'वर आया पोट धरून हसल्या. पाणी घालायचं आणि म्हणायचं काढतेय! मावशी हसल्या नाहीत. रोज चारला दहा नंबरची ओली फरशी पुसायला त्याच जात, आणि पुसताना त्यांचा जीव तीळ तीळ तुटे. फडक्यातून हाताला लागणारं पाणी कोमट असे. आजी टेबलापाशी ताठ बसून फुलदाणीच्या बाहेरून मनगटाची आतली बाजू टेकवून बघत, तापलेल्या पोराचं अंग बघावं तशा.

"आजी, पुरे झालं आता पाणी," मावशी म्हणत.

"पाणी... काढतेय. कडेनं... आता..."

"हो हो. काढा हं," मावशी म्हणत आणि फडकं पिळत.

त्यांचा सगळा राग साहेबांवर, सजावटवाल्यावर आणि त्या दोन बाटल्यांवर होता. चांगल्या शहाण्या बाईला यांनी वेडं करून सोडलं. पाण्यासारखं दिसणारं पण पाणी नसलेलं काहीतरी तिच्या पुढ्यात ठेवलं आणि वर तिलाच भ्रमिष्ट ठरवायला निघाले. उपडी फुलदाणी हातात धरून मीही उभी राहिलेच होते ना? माझी नाही केली कुणी नोंद!

हा शेवटचा मुद्दा मावशींना फारच बिनतोड वाटला. बुधवारी सिस्टरांकडून जेव्हा त्यांना कळलं की दहा नंबरला वरच्या मजल्यावर हलवायचं ठरतंय, उद्या मुलगा येऊन कागदावर सही करणार आहे, तेव्हा तो मुद्दा त्यांनी मनात दहादा घोळवला.

वरच्या मजल्यावर त्या आठवड्यातून दोनदा फरशी पुसायला जात. तिथल्या दारांना बाहेरून कड्या होत्या आणि खिडक्या चार बोटांपलीकडे उघडत नसत. तिथे काच चालत नव्हती. पेलेसुद्धा प्लास्टिकचे. घरून आणलेली वस्तू खाली कोठीत ठेवली जाई, नावाची चिठ्ठी लावून. वर गेलेलं माणूस चालत खाली आलेलं मावशींनी एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

गुरुवारी अकराला साहेबांच्या खोलीत सिस्टर, आजींचा मुलगा आणि साहेब बसले होते. मुलगा पन्नाशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा, लांबून आलेला. त्याच्यापुढे नोंदवही उघडी होती आणि बाजूला सहीचा कागद. मावशी दार ढकलून आत गेल्या. हातात बादली होती, ती ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"मला बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"मावशी, आपण नंतर—"

"नंतर नाही. सही झाल्यावर माझ्या बोलण्याची काय पूजा घालायचीय?" त्या मुलाकडे वळल्या. "दादा, तुमची आई चांगली होती. यांनी तिच्या फुलदाणीत खोटं पाणी ओतलं. न विचारता ओतलं. आता तुम्हीच सांगा, पाणी दिसतंय, फुलं दिसतायत, मग घालणारच ना बिचारी पाणी? तिला काय कळणार खरं कुठलं नि खोटं कुठलं? मीही फसले होते, धडधाकट असून! तिचा तर मेंदूच थकलेला. त्या गरीब जिवाला काही उमगेना म्हणून ती ओततेय आपली, आणि तुम्ही तिलाच कोंडताय? फसवणाऱ्याला कोंडा की!"

साहेब लालबुंद झाले होते. सिस्टर वहीकडे बघत होत्या. मुलगा मात्र मावशींकडे बघत नव्हता. तो त्यांच्या मागे, दाराकडे बघत होता.

दारात आजी उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरली होती, दुसऱ्या हाताने फुलदाणी छातीशी कवटाळली होती. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पण 'बिचारी' आणि 'गरीब जीव' त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या मावशींजवळून पुढे गेल्या, त्यांच्याकडे न बघता. मुलाने उठून खुर्ची दिली. त्यांनी ती नाकारली.

टेबलाशी उभं राहून त्यांनी फुलदाणीच्या बाहेरून मनगट टेकवलं. मग ती आडवी केली, नोंदवहीच्या वर धरली आणि अंगठ्याने काचेला एक हलकीशी टिचकी मारली. जोर असा लावलाच नाही.

आतलं पाणी अख्खंच्या अख्खं बाहेर सरकलं. देठांसकट, फुलांसकट, फुलदाणीच्या आकाराचा एक स्वच्छ गोळा धप्पकन वहीवर पडला, थोडा गडगडला आणि लाल रेघेवर येऊन थांबला. त्याची सगळी कड साबणाने बुळबुळीत झाली होती. सकाळच्या आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ अजून निघत होती. काचेवर साधा ओरखडाही नव्हता.

मावशींच्या डोळ्यांपुढून थर्मास गेला, साबणाच्या कपच्या गेल्या, आणि तीन आठवडे रोज चार वाजता आपल्या हाताला लागलेलं ते कोमट पाणी गेलं.

"आई शाळेत होती," मुलगा हळूच म्हणाला. "प्रयोगशाळेत. एकतीस वर्षं. पोरं परीक्षानळ्यांत काय काय गोठवून ठेवायची... सुटीत ती एकेक नळी बसून सोडवायची. एक फोडली नाही कधी." त्याने वहीकडे पाहिलं. "हे इथे कुठे लिहिलेलं नाही."

"तसा रकानाच नाही," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी घसा साफ केला. "नाही, म्हणजे, चांगलंच आहे. पण मग त्यांनी सांगायचं ना तसं—"

"सांगितलं," आजी म्हणाल्या.

मुलाने पेनाला टोपण लावलं आणि कागद उलटा केला.

मावशी अजून बादली धरून उभ्या होत्या. त्यांना साहेबांवरचा राग आठवून पाहावासा वाटला, पण तो जागेवर सापडेना. अंगठ्यावरचा व्रण मात्र एकदम दुखल्यासारखा वाटला. आजी त्यांच्याकडे वळल्या.

"तू तर..." आजी म्हणाल्या.

मावशींच्या तोंडात वाक्याचं उरलेलं अर्धं तयार होतं. तू तर रोज येत होतीस. तू तर बघत होतीस. तू तर माझ्या बाजूची. त्यांनी ओठ घट्ट मिटले. साहेब काहीतरी बोलायला गेले, तर मावशींनी बादलीचा हात वर करून त्यांना गप्प केलं.

भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. आजींचा एक ओठ थरथरला, थांबला, पुन्हा हलला. सगळे थांबले होते. असं थांबलं की तो शब्द यायला फार वेळ लागतही नव्हता.

"तू तर... विचारायचंस."

मावशींनी मान खाली घातली. मग आजींनी रिकामी फुलदाणी त्यांच्यापुढे धरली, आणि दुसरं वाक्य सुरू केलं. मावशींनी बादली खाली ठेवली, फुलदाणी दोन्ही हातांत घेतली आणि पुढचा शब्द येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"आता... गार पाणी... आण."